तुळजाअण्णांचे मागचे दाते

आमच्या सोसायटीत मोटार लावलेली एक सायकल आहे. ती फिरायला निघाली की पायी फिरणारे लोक तिला मागे टाकून जातात. काठी टेकत चालणारे आजोबा जातात, बाबागाडी ढकलणारी आया फोनवर बोलत बोलत जाते. सायकलवर बसलेले गृहस्थ मात्र हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट आवळून, समोर नजर लावून, उजव्या हाताची मूठ शेवटपर्यंत पिळून बसलेले असतात. म्हणजे तो त्या यंत्राचा पूर्ण वेग असतो. एवढ्या वेगात दोन चाकांवर तोल राहत नाही, म्हणून मागे दोन्ही बाजूंना लहान मुलांच्या सायकलीला असतात तशी छोटी चाकं लावलेली आहेत. गृहस्थांचं वय सत्तरीच्या पुढे, नाव जे. तुळजाराव.

यातला ‘जे’ म्हणजे जाधव. मी पुण्याची. आमच्याकडे माणूस एकवेळ नाव विसरेल, आडनाव विसरणार नाही. इथे कानडी मुलखात शहाजीराजांच्या काळापासून राहिलेल्या मराठी घराण्यांनी आडनावाचं एक इंग्रजी अक्षर करून नावाआधी टांगून ठेवलं आणि ‘राव’ तेवढा जपला. के. आर. पुरममध्ये राहायला आल्यावर दारावरच्या पाट्या वाचताना मला हे जाधव, शिंदे, पवार ओळखूच येत नव्हते. अण्णांनीच मला ते एकेक अक्षर सोडवून दाखवलं. त्यांना सगळे तुळजाअण्णा म्हणतात. ते मला मेघाम्मा म्हणतात. पुण्यात मला आजवर कोणी अम्मा म्हटलेलं नाही, पण इथे दूधवाल्यापासून सगळेच म्हणतात, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही.

अण्णांचं मराठी ऐकायला सवय लागते. ते ‘मी केलं’ म्हणत नाहीत, ‘मी केलो’ म्हणतात. ‘थोडं थांबा’ऐवजी ‘स्वल्प थांबा’ म्हणतात. आमच्या मराठीत हा शब्द आता फक्त स्वल्पविरामात उरला आहे, त्यामुळे पहिल्या दिवशी मला वाटलं, हे गृहस्थ संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक असावेत. मग ते “सरी, सरी” म्हणाले आणि मी खिडकीबाहेर बघितलं. पाऊस नव्हता. ‘सरी’ म्हणजे कानडीत ‘ठीक आहे’, हे मला नंतर कळलं.

आमची खरी ओळख लिफ्टमध्ये झाली. त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी गोल होतं. मी सहज विचारलं, काय आणलंत? तर म्हणाले, “मागं हल्लु वाढवलो.” मला वाटलं, यांना ‘हळू’ म्हणायचंय. मी म्हटलं, बरं केलंत, या वयात हळूच बरं. अण्णा लिफ्टमध्येच दोन पावलं मागे सरकले. म्हणाले, तुम्हाला कळतंय हे? मागं हल्लु जास्त तर गाडी हळू, लोकांना एवढं साधं कळत नाही. मी म्हटलं, न कळायला काय झालं, हळू जास्त म्हणजे हळूच. लिफ्ट थांबली तेव्हा त्यांनी मला हात जोडले.

‘हल्लु’ म्हणजे कानडीत दात, हे मला पुढे वॉचमननं सांगितलं. अण्णा सायकलच्या चक्राच्या दात्यांबद्दल बोलत होते. पण तोवर ‘मेघाम्मांना गियरचं सगळं गोत्ते आहे’, म्हणजे ठाऊक आहे, अशी बातमी त्यांनी तिन्ही इमारतींत पोचवली होती. शिष्य मिळाल्याच्या आनंदात असलेल्या माणसाला तू चुकलास हे सांगायला फार निष्ठुर मन लागतं. मी सॉफ्टवेअर तपासते, लोकांच्या चुका काढण्याचा मला पगार मिळतो, तरी मला ते जमलं नाही. फक्त एकदा मी त्यांना सांगितलं की माणसाला दात असतात, चक्राला दाते असतात. ते म्हणाले, “चावतात दोघंबी.”

त्यांचं सगळं शास्त्र मला आता पाठ आहे. मोटारीच्या तोंडाशी एक छोटं दातेरी चक्र, मागच्या चाकाला एक मोठं, मध्ये चेन. मागचं चक्र जितकं मोठं, तितका जोर जास्त आणि वेग कमी. मागचं लहान केलं की वेग येतो, पण चढावर गाडी बसते. दोन्ही एकदम मिळत नाहीत. एवढंच. मी हे कित्येक रविवार ऐकलं. दरवेळी अण्णांचा चेहरा असा असायचा की जणू हे आजच सकाळी त्यांच्या लक्षात आलं आहे.

आणि हे शास्त्र फक्त सायकलपुरतं असतं तरी चाललं असतं. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलानं नोकरी सोडून कंपनी काढली तेव्हा अण्णा म्हणाले, याचं पुढचं चक्र केवढं, आणि मागं हल्लु दोन. चढ आला की बसणार. चढ आला आणि कंपनी बसली. उड्डाणपुलाचं काम रखडलं, तरी दाते. इडली कडक झाली, तरी दाते. माझ्या संसाराबद्दल त्यांनी न विचारता निकाल दिला होता: तुमचे साहेब सपाट रस्त्याचे, तुम्ही चढाच्या. मला ते इतकं पटलं की मी त्याच संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं.

यावरून कोणाला वाटेल की अण्णा मोठे कारागीर आहेत. तसं काही नाही. होसकोट्याच्या एका कारखान्यात ते स्टोअर्समध्ये होते. आयुष्यभर लोकांना नटबोल्ट काढून दिले, स्वतः एकही पिळला नाही. निवृत्त झाल्यावर ती हौस उसळून आली. पहिली मोटार बसवली तेव्हा मोठं चक्र पुढे आणि लहान मागे लावलं होतं, कारण मोठ्या माणसानं पुढे असावं असा त्यांचा हिशेब. ती सायकल बेसमेंटचा चढ काही चढेना, मोटारीतून धूर आला. मग ढकलत वर आणून सपाटीवर सोडली तर थेट हिरवळीवरच्या हास्यक्लबात शिरली. लोक हसतच होते, त्यामुळे काही क्षण कोणाला कळलं नाही म्हणे.

माझ्या नवऱ्यानं एक महागडी एकवीस गियरची सायकल घेतली होती. ती बाल्कनीत उभी असे आणि तिच्यावर टॉवेल वाळत. अण्णांना ते बघवलं नाही. एकवीस कशाला, तुम्ही एकसुद्धा वापरत नाही, असं म्हणून त्यांनी एका दुपारी वीस गियर काढून टाकले. उरलेल्या एका गियरवर ती सायकल फक्त उतारावर जाते. टॉवेल मात्र अजूनही छान वाळतात.

तर असे हे अण्णा. त्यांची स्वतःची सायकल मध्ये बराच काळ अगदी व्यवस्थित चालत होती. भाजी आणायची, बँकेत जायची, बेसमेंटचा चढ न कण्हता चढायची. मग गेल्या वर्षभरात काय झालं कोण जाणे, ते मागचं चक्र मोठं करत सुटले. दर दोन-तीन महिन्यांनी शिवाजीनगरला (पुण्याच्या नव्हे, इथल्या) जायचं आणि आधीच्याहून मोठं चक्र घेऊन यायचं. जगातला प्रत्येक माणूस आपलं वाहन जोरात पळावं म्हणून धडपडतो, आणि हा माणूस पदरच्या पैशानं ते हळू करून आणत होता. शेवटचं चक्र तर जेवणाच्या ताटाएवढं होतं. मी विचारलं, अण्णा, हळूच जायचं तर मूठ कमी पिळा, चक्र कशाला बदलता? त्यावर त्यांनी माझ्याकडे निराश नजरेनं बघितलं. कमी पिळली की मोटार धक्के खाते, गरम होते, मध्येच बंद पडते. दाते वाढवले की पूर्ण पिळून एकसारखं हळू जाता येतं. मला एवढं कळायला हवं होतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

त्यातच त्या ताटावर त्यांनी चार मोठे नट बसवले आणि मडगार्डला एक पत्र्याची पट्टी लावली. नट फिरत येऊन पट्टीला लागत. टक, टक, टक, टक. सायकल येण्याच्या बऱ्याच आधी तिचा आवाज येई, आणि ती गेल्यावर बराच वेळ जात नसे.

आता सरसक्कांबद्दल सांगते, कारण सोसायटीत जे रण पेटलं ते त्यांच्यावरून पेटलं. सरसक्का म्हणजे सरस्वती, अण्णांची बायको. अंगानं ठेंगणी, नऊवारी नाही पण साडी नेहमी घोट्याच्या वर, पायात पांढरे बूट. बोलणं कमी. रोज संध्याकाळी अण्णा सायकलवर बसत आणि सरसक्का कॅरियरला एक हात लावून मागून चालत. आमच्या आतल्या गोल रस्त्याला ही वरात फेऱ्या घाली. पुढे हेल्मेट घालून, मोटारीवर बसलेला नवरा. मागे चालणारी बायको.

आमच्या सोसायटीत स्त्रियांचा एक मंच आहे आणि तो एरवी केक करायला शिकवतो. पण हे दृश्य बघून मंचाला कंठ फुटला. मलाही राग आला, खोटं का बोलू. मी सरसक्कांना जिन्यात गाठून विचारलं की हे काय चाललंय, ते बसतात आणि तुम्ही चालता? त्या हसल्या. “त्यांचे गुडघे गेलेत की. चालाया होत नाही. मशीन बंद पडली तर ढकलाया कोण पाहिजे?” म्हणजे त्या नुसत्या मागून चालत नव्हत्या, गॅरेजही सोबत घेऊन चालत होत्या. मंचाला मी हे सांगितलं तेव्हा तिथे जे शब्द वापरले गेले ते केकच्या वर्गाला शोभणारे नव्हते.

अखेर कमिटीकडे तक्रार गेली. सेक्रेटरी भाटिया हा अतिशय कार्यक्षम माणूस. दोन मिनिटांचं काम तो दोन बैठकांत करतो. संध्याकाळी कामावरून येणाऱ्या गाड्या त्या सायकलमागे अडकून राहतात, टकटक आवाजानं लोकांच्या मीटिंगा बिघडतात, आणि हे सगळं सोसायटीच्या प्रतिमेला बरं नाही, असं ठरलं. निर्णय असा: रविवारी कमिटीसमोर सायकलची चाचणी होईल. ताशी पंधराच्या वर गेली आणि आवाज आला नाही, तर राहील. नाहीतर गेटाबाहेर. आणि हे अण्णांना समजावायची कामगिरी माझ्यावर, कारण ‘यू बोथ आर मराठी’.

गेटाबाहेर म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. बाहेर होसकोट्याकडे जाणारे ट्रक आहेत, खोदलेला फुटपाथ आहे आणि त्या फुटपाथवरून जाणाऱ्या स्कूटर आहेत. धडधाकट माणूसही तिथे फिरायला जात नाही, फक्त पोचायला जातो. आतला गोल रस्ता गेला की अण्णा-अक्कांची संध्याकाळ गेली, इतकं ते सरळ होतं.

मी सांगितलं तेव्हा अण्णा खुर्चीत बसले होते. वाद घालतील, दाते काढतील असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, जोरात गेली तर आत ठेवतील? नक्की? मी म्हटलं, नक्की. मग ते बराच वेळ आतल्या खोलीच्या दाराकडे बघत राहिले आणि “सरी” म्हणाले. हे ‘सरी’ मी आधी कधी ऐकलं नव्हतं. त्यात होकार होता, पण आवाज पार खाली गेला होता.

रविवारी सायकल आली ती ओळखू येईना. बाजूची चाकं गायब, मागे बशीएवढं चक्र, नट नाहीत, पट्टी नाही. भाटिया मोबाइलवर वेग मोजायचं ॲप घेऊन उभे राहिले. अण्णांनी मूठ पिळली आणि ते असे गेले की हास्यक्लबवाले सवयीनं हिरवळीच्या मध्यभागी गोळा झाले. आवाज म्हणून नाही. दोन फेऱ्या झाल्या, टाळ्या झाल्या. भाटियांनी अण्णांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला आणि ‘सिनियर्स गोइंग इलेक्ट्रिक’ म्हणून ग्रुपवर टाकला. मंचाच्या बायकांनीही त्यावर अंगठे टाकले. सरसक्का मागून चालत नव्हत्या ना, मंचाचा विजयच झाला होता. सरसक्का गेटजवळच्या बाकावर बसून होत्या. अण्णा उतरले, सगळ्यांना हात जोडले आणि कोणाशी न बोलता बेसमेंटकडे गेले. जिंकून आलेला माणूस असा जात नाही, एवढं मला तेव्हाही वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडीत राहिलेला डबा आणायला मी बेसमेंटमध्ये उतरले. खांबाआड अण्णा होते. मागचं चाक काढून मांडीवर घेतलेलं, शेजारी ते ताटाएवढं चक्र, आणि ते बशी काढून ताट बसवत होते. मला त्यात विशेष वाटलं नाही. मला वाटलं ते त्यांच्या बसण्याचं. ते उकिडवे बसले होते. एक पान्हा लांब होता, तो घ्यायला ते तसेच बेडकासारखे दोन उड्या मारून गेले आणि परत आले. मला त्यांच्या निम्म्या वयात हे जमत नाही.

चूक सापडली की मला गप्प बसवत नाही. मी म्हटलं, “अण्णा, गुडघे?”

ते दचकले. मग माझ्याकडे न बघता नट आवळत राहिले. आवळून झाल्यावर म्हणाले, गुडघे ठीक आहेत. “अक्काला बोलू नका.”

आणि मग त्यांनी जे सांगितलं त्यात पहिल्यांदाच शास्त्र नव्हतं. पाय सरसक्कांचे गेले होते. म्हणजे दुखत नव्हते, अडकत होते. चालता चालता पाऊल जमिनीला चिकटून राही आणि किती मनात आणलं तरी उचलत नसे. वर्षापेक्षा जास्त झालं. डॉक्टरांनी औषध दिलं आणि सांगितलं की रोज चालवा, चालणं सोडलं तर सुटेलच. पण ही बाई उंबऱ्याबाहेर यायला तयार नाही. जन्मभर तरातरा चालणारी बाई. शिवाजीनगरच्या बाजारात ती दोन पिशव्या घेऊन पुढे आणि अण्णा मागून धापा टाकत. तिचं पाऊल चारचौघांत अडकलेलं लोकांनी बघायचं, त्यापेक्षा घरात बसून मेलेलं बरं, असं तिचं म्हणणं. मग अण्णांनी स्वतःचे गुडघे मोडले. मला चालता येत नाही, मशीनचा भरवसा नाही, बंद पडली तर काय करू, तू सोबत ये. नवऱ्याच्या मदतीला म्हटल्यावर ती आली.

नटांचं त्यांना अपघातानं कळलं होतं. एक नट सैल होऊन मडगार्डला लागायला लागला आणि त्या टकटकीवर अक्कांचे पाय आपोआप उचलायला लागले. मग त्यांनी चार नट मुद्दाम बसवले. एका टकीला एक पाऊल. आणि मागचं चक्र दर दोन-तीन महिन्यांनी मोठं होत होतं, कारण अक्का हळू होत होत्या; कॅरियरला मागून ओढ बसली की त्यांना ते कळे.

मी विचारलं, मग हे कोणाला सांगितलं का नाही? लोक काय काय बोलतात तुम्हाला.

“हसतात की माझ्याकडं बघून,” अण्णा म्हणाले. “बरं आहे. तिच्याकडं कोण बघत नाही.”

मी तिथेच दुसऱ्याच्या गाडीला टेकून उभी राहिले. रडू आलं. हेल्मेट, बाजूची चाकं, शेवटपर्यंत पिळलेली मूठ, या माणसानं स्वतःचं येडपट चित्र उभं केलं होतं आणि आम्ही सगळे सुशिक्षित लोक त्या चित्राकडेच बघत होतो. अण्णांना माझं रडणं आवडलं नाही. त्यांनी मला पुसायला चेनचं फडकं दिलं आणि त्यांची खरी काळजी सांगितली. हे शेवटचं चक्र. याच्याहून मोठं शिवाजीनगरात कोणाकडे नाही, आणि असलं तरी फ्रेमला लागेल. आता ती अजून हळू झाली तर? पुढचं चक्र याहून लहान होत नाही, चेन उडते. “सगळा हिशेब करून बघितलो मेघाम्मा. पुढं काय गोत्तिल्ला.”

सध्या तरी त्यांचा बेत असा होता की दिवसा बशी लावायची आणि संध्याकाळी ताट. रोज चाक काढायचं, रोज घालायचं. कमिटीनं विचारलं तर बशी दाखवायची. मी म्हटलं, हे माझ्यावर सोडा.

पुढच्या बैठकीत मी गेले. अक्कांचं नाव काढायचं नव्हतं, त्यामुळे मला नुसत्या आगाऊपणावर लढावं लागणार होतं. तो माझ्याकडे भरपूर आहे. मी भाटियांना विचारलं की गेटावर जो बोर्ड आहे, सोसायटीच्या खर्चानं रंगवलेला, त्यावर वेगमर्यादा किती लिहिली आहे? कोणाला आठवेना. एकजण खाली जाऊन बघून आला. ताशी दहा. मी म्हटलं, म्हणजे एका सत्तरीच्या माणसाला नियम मोडायला लावून आपण टाळ्या वाजवल्या आणि त्याचे फोटो काढले. या सोसायटीत आजवर तो बोर्ड पाळणारं एकच वाहन आहे आणि आपण ते बाहेर काढत होतो. भाटिया पाणी प्यायले. मग त्यांनी एक उपसमिती नेमली, जी अजून भेटलेली नाही, आणि तिचा अहवाल येईपर्यंत सायकल जशी होती तशी राहील असं ठरलं. आवाजाचं काय, असं कोणीतरी विचारलं. मी म्हटलं, आवाज नसता तर एवढं हळू येणारं वाहन तुमच्या लक्षात आलं असतं का? याला अर्थ नव्हता, पण बैठकीत ते चाललं.

टकटक पुन्हा सुरू झाली. मंचाच्या बायका माझ्यावर रुसल्या, कारण त्यांच्या मते मी फितूर झाले. मी रुसू दिलं. संध्याकाळी घरी लवकर आले तर मी अक्कांच्या बाजूनं एखादी फेरी मारते. माझी पावलंही त्या ठोक्यावर पडतात, प्रयत्न केला तरी चुकवता येत नाहीत.

परवाची गोष्ट. फेरी सुरू व्हायची होती, तेवढ्यात भाटियांनी अण्णांना पाण्याच्या मोटारीचं काहीतरी विचारायला बाजूला नेलं. सायकल स्टँडवर, कॅरियरला धरून अक्का उभ्या, शेजारी मी. अण्णा लांब गेलेत याची खात्री करून अक्का म्हणाल्या, “तुम्हाला बोलले ना ते?”

मी बुटाची नाडी बांधायला वाकले. अक्काला बोलू नका, असं अण्णा म्हणाले होते.

“असू दे. गुडघ्याचं मला पहिल्यापासून ठाऊक आहे. दुपारी मी झोपले म्हणून समजून माळ्यावर चढतात. धडधड आवाज येतो.” त्या हसल्या. मग सांगू लागल्या. कारखाना सुटल्यावर अण्णा खिडकीत बसून राहत. जेवायला हाक मारली तर येत, नाहीतर नाही. सायकलीचं खूळ घेतलं, पण ती नीट चालायला लागल्यावर तेही सुटलं होतं. अक्कांचा पाय पहिल्यांदा अडकला त्या दिवशी ते उठले ते आजवर बसलेले नाहीत. “माझ्या पायाला काय, ते जातीलच एक दिवस. पण मी घरात बसले तर हे परत खिडकीत जाऊन बसतील. म्हणून मी येते.”

मी म्हटलं, अक्का, त्यांना सांगून टाका की. दोघांनाही मोकळं वाटेल.

अक्कांनी मान हलवली. “फोनवर शिवाजीनगरच्या माणसाला विचारत होते, ह्याच्यापेक्षा मोठं आहे का म्हणून. नाही म्हणाला तो. दोन दिवस जेवले नाहीत बरोबर.” त्यांनी कॅरियरवरचा हात सारखा केला. “मोठं मिळत नाही म्हटल्यावर काय करायचं? मीच आता स्वल्प जोरात चालते.”

अण्णा परत आले. हेल्मेटचा पट्टा आवळला, मूठ शेवटपर्यंत पिळली. टक, टक, टक, टक. अक्कांनी ओठ घट्ट मिटले आणि पाऊल उचललं, मग दुसरं. कपाळावर घाम दिसत होता. कॅरियर धरलेला हात मात्र सैल होता, कुठेही ओढत नव्हता. मी मागेच राहिले.

वळणावर अण्णांनी मान वळवून मला हाक मारली. चेहरा फुललेला होता.

“मेघाम्मा, आज मागून ओढच नाही बघा. चेनला तेल घातलो ना काल, त्याचं काम ते.”